पाय बरा झाला, बेचके तसेच राहिले: कुळागरातल्या एका सेल्युलायटिसची हकिकत

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका कुळागरात राहणारे ५७ वर्षांचे गृहस्थ. वाड्यावर सगळे त्यांना भाई म्हणतात, आपणही तेच म्हणू. सुपारी, मिरी, केळी, थोडे माड, दोन गायी. मधुमेह नऊ वर्षांचा, वजन ९२ किलो, गोळ्या ‘आठवतील तेव्हा’. चवथीला (गणेशचतुर्थीला) पाच दिवस उरले असताना संध्याकाळी मुलाच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत दवाखान्यात आले. डावा पाय घोट्यापासून गुडघ्याखाली दोन बोटांपर्यंत सुजलेला, तापलेला, कातडी ताणून चकाकणारी. (ओळख पटू नये म्हणून आमच्या भागात नेहमी दिसणाऱ्या अशा अनेक रुग्णांचे तपशील मिसळून हा एक माणूस उभा केला आहे. रोगाचे वागणे मात्र बदललेले नाही.)

हकिकत वहिनींनी सांगितली. आदल्या रात्री जेवून झोपले आणि मध्यरात्री हिंव भरले. दोन चादरी, वर गोधडी, तरी दात वाजत होते. पायाला तेव्हा काहीच नव्हते. सकाळी घोट्याच्या वर तांबूस डाग दिसला, दुपारपर्यंत तो पोटरीवर पसरला. कुळागरात काहीतरी चावले असेल म्हणून हळद लावली. शेजारच्या आजीने धावरे असल्याचे सांगितले, आणखी कुणी नागीण ठरवून ती उतरवणाऱ्याचा पत्ता दिला. शेजारची आजी फारशी चुकली नव्हती. धावरे कातडीच्या वरच्या थरात असते, कडा उंच आणि ठसठशीत. भाईंचे दुखणे त्याच घराण्यातले, पण एक थर खाली, चरबीपर्यंत गेलेले. त्याला सेल्युलायटिस म्हणतात.

आधी हिंव आणि मग लाली, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पायावर काही दिसण्याच्या काही तास आधीच माणूस थडथडतो. पावसाळ्यात अशा हिंवावर पहिला संशय मलेरियाचा, दुसरा डेंगीचा, आणि चिखलात काम करणारा असेल तर लेप्टोस्पायरोसिसचा. हे संशय रास्तच आहेत, रक्त तपासायलाच हवे. पण तापाच्या रुग्णाची पँट गुडघ्यापर्यंत वर करून बघायला अर्धे मिनिट लागते आणि ते अर्धे मिनिट फार क्वचित खर्च केले जाते.

तपासणीत ताप १०१.८, नाडी मिनिटाला १०८, रक्तदाब १४६/८८, बोटाच्या टोकाची साखर २८६. जांघेत अवधाण आलेले, हात लावू देईनात. मांडीच्या आतल्या बाजूने एक पुसट तांबडी रेघ वर चढत होती, म्हणजे लसिकावाहिन्याही (ऊतींतले जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) पेटल्या होत्या. भाईंचा रंग सावळा. पुस्तकांतली चित्रे गोऱ्या पायांची, त्यामुळे लालभडक काहीतरी दिसेल असे आपण धरून चालतो. आपल्याकडच्या पायावर ती लाली जांभळट-तपकिरी दिसते, संध्याकाळच्या ट्यूबलाइटखाली तर दिसतही नाही. अशा वेळी हाताचा मागचा भाग एका पायावरून दुसऱ्या पायावर फिरवायचा. फरक डोळ्यांआधी हाताला कळतो.

हे सगळे नडगीवरचे. घरच्यांचे लक्षही तिथेच. डाव्या पावलाची बोटे एकेक करून फाकवली. चौथ्या आणि पाचव्या बोटाच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजून फुगलेली. तळाशी एक आडवी ओली चीर, अर्ध्या सेंटिमीटरहून लहान. आंबूस वास. अंगठ्याचे नख जाड, पिवळे, टोकाला भुगा होत असलेले.

‘‘त्या चिखल्या हो,’’ भाई म्हणाले. ‘‘दर पावसात येतात. त्यांचं काय?’’

त्यांचेच सगळे होते.

गोव्यात जून ते सप्टेंबर सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कुळागर म्हणजे डोंगराच्या कुशीतली, पाटांच्या पाण्यावर वाढलेली बाग. पावसात तिथे ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही आणि पायाखाली कुजका पाला, शेण, चिखल. सुपारीवर फळे कुजवणारा कोळेरोग पडू नये म्हणून पावसाची उघडीप बघून बोर्डो मिश्रण फवारावे लागते, त्यामुळे घरात बसून चालत नाही. भाई गमबूट घालत होते. चांगली सवय, पण बुटात वरून पाणी शिरायचे, तसेच दिवसभर राहायचे, रात्री बूट पडवीत उपडे आणि सकाळी ओलेच पुन्हा पायात. बेचक्यात बुरशी वाढायला याहून बरी जागा शोधून सापडणार नाही. टाचांना पडलेल्या भेगांवर ते भिरंडेल (कोकमाचे तेल) लावत, ते उत्तम. तेच हात तसेच पुढे बोटांच्या मध्येही फिरत. तिथे ओल टिकवणारे काहीही नको असते.

बुरशी स्वतः पाय सुजवत नाही. ती कातडीला चीर पाडते. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या, बांधाला खेकड्याने पाडलेले भोक असते तसे ते काम: बांध जागेवरच दिसतो, आणि एका भरतीत आतले शेत खारे होते. चिरेतून आत जातात ते बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू, त्यातही ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस पायोजीनस आणि त्याचे जवळचे भाऊबंद. अशा रुग्णांच्या बेचक्यांत हे जंतू आधीपासून मुक्कामाला असतात. पेशींना जोडून ठेवणारा मसाला विरघळवणारी विकरे त्यांच्याकडे असतात, म्हणून पू न साठता आग सपाट पसरत जाते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसची चाल वेगळी. तो साधारण दर दहांतल्या तिघांच्या नाकात सुखाने राहतो आणि संधी मिळाली की गाठ धरून पू करतो. केसतूड, गळू, मानेवरचे चाळणीसारखे तोंडे पडलेले गळू, नखुरडे ही बहुतेक त्याची कामे. म्हणून पसरलेली लाली पण पू नाही, तर पहिला संशय स्ट्रेप्टोकॉकसवर. पू दिसला तर स्टॅफिलोकॉकसवर, आणि तिथे औषधाआधी चिरा देऊन निचरा.

भाईंच्या बाबतीत दार एक, पण ते उघडे राहायला मदत करणारे बरेच होते. साखर सतत चढी असली की पांढऱ्या पेशी जंतूंपर्यंत उशिरा पोचतात आणि पोचल्यावरही नीट मारत नाहीत. पावलाची संवेदना कमी झालेली होती, नायलॉनच्या बारीक तंतूचा स्पर्श दहांपैकी चार जागी कळला नाही, म्हणून ती चीर दुखलीच नाही. वजनामुळे आणि दिवसभर उभे राहण्याने पायात संध्याकाळी सूज असायचीच, मोज्याच्या रबराचा वळ पडायचा. सुजलेल्या पायात लसिका साचते आणि साचलेल्या जागेत जंतूंना आवरणारे कुणी वेळेवर येत नाही. लठ्ठपणा, फुगलेल्या शिरा, जुना हत्तीरोग, यकृताचा आजार, दारू, शस्त्रक्रियेत जांघेतल्या गाठी काढलेल्या असणे, आणि याआधी एकदा सेल्युलायटिस होऊन गेलेला असणे, हे सगळे याच वाटेने काम करतात. यांतला शेवटचा सर्वांत भारी, त्यावर पुढे येतो.

मधुमेहाबद्दल एक आकडा इथे सांगायलाच हवा. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के होते आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. म्हणजे आमच्या ओसरीवर बसलेल्या चार प्रौढांत एक. असे पाय आणि असा पाऊस एकत्र आल्यावर ऑगस्टमध्ये काय होते ते इथल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

आणि एक मलमाची ट्यूब. मुलाने ती पिशवीतून काढून दाखवली. फार्मसीतून चिठ्ठीशिवाय आणलेली, क्लोबेटासॉल, निओमायसिन आणि मायकोनॅझोल तिन्ही एकात. खाज तासाभरात थांबते, म्हणून गावात तिची कीर्ती मोठी. खाज थांबवतो तो क्लोबेटासॉल, म्हणजे तीव्र स्टेरॉइड. तो कातडीची प्रतिक्रिया दाबतो, कातडी पातळ करतो आणि बुरशी आत शांतपणे पसरते. भाई महिनाभर ती लावत होते. बेचके बरे झाल्याची त्यांची समजूत या ट्यूबने करून दिली होती. ती विकणाऱ्याला आणि तिची जाहिरात करणाऱ्यांना मी फार सौम्य शब्दांत बोलत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

निदान करताना इतर शक्यता पडताळायला लागल्या. एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणे हे खोल शिरेतल्या गुठळीतही होते. लाली आणि ताप असल्यामुळे ती मागे पडली, तरी पुढे इस्पितळात डॉपलर (शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून घेतला, तो स्वच्छ आला. कुळागर म्हटले की सर्पदंशाचा विचार सुटत नाही. घोणशीच्या दंशात सूज दाताच्या खुणांपासून काही तासांत वाढते, ठणका सुरुवातीपासून भयंकर असतो आणि रक्त गोठत नाही. इथे तसे काही नव्हते. गाउटचा हल्ला सांध्यावर असतो. आणि दोन्ही पाय सारखेच लाल असतील तर तो सहसा सेल्युलायटिस नसतोच, शिरांच्या दोषाने झालेला त्वचादाह असतो. त्या रुग्णांना प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स दिलेले मी पाहिले आहेत.

आमच्याकडे एक प्रश्न मात्र हमखास विचारावा लागतो: जखम कुठल्या पाण्यात भिजली? भाईंचे उत्तर सरळ होते, पाटाचे गोडे पाणी आणि चिखल. हेच उत्तर ‘खाडीत तिसऱ्या (शिंपल्या) काढायला उतरलो होतो’ असे आले असते आणि माणूस दारूने यकृत बिघडवून बसलेला असता, तर विचार विब्रिओ व्हल्निफिकसकडे गेला असता. कोमट, मचूळ पाण्यातला हा जंतू एक-दोन दिवसांत कातडीवर रक्ताळ फोड आणतो आणि माणसाला खाली खेचतो. त्याची औषधेही वेगळी. मासळी साफ करताना काटा लागून बोटावर जांभळट, दुखरा, सावकाश पसरणारा डाग आला तर तो एरिसिपेलोथ्रिक्स. तो पेनिसिलीनला मानतो आणि सहसा बोटापुरताच राहतो. गोड्या पाण्यातल्या जखमेत एरोमोनास. जुनाट, न भरणारे गळू आणि बरोबर न्यूमोनिया, तेही पावसात शेतात राबणाऱ्या मधुमेह्याला, असे दिसले तर मेलिऑयडोसिस (माती-पाण्यातल्या जंतूचा आजार) डोक्यात हवा. पश्चिम किनारपट्टीवर तो आहे आणि तो शोधला नाही तर सापडत नाही.

भाईंना भरती करणे गरजेचे होते. ताप, जलद नाडी, वर चढलेली रेघ, न आवरलेली साखर, यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी एकत्र असल्या तरी मी घरी गोळ्या देऊन पाठवत नाही. त्यांचे म्हणणे वेगळे होते.

‘‘इंजेक्शनं द्या हवी तेवढी. ॲडमिट चवथ झाल्यावर. माटोळी कोण बांधणार?’’

बाहेरच्या वाचकाला ही सबब वाटेल. सबब नाही. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीत सुपारीचे घोस, कवंडळे, रानातली फळे लागतात. ती कुठल्या दरीत कुठल्या झाडाला येतात हे घरात ज्याला ठाऊक तोच जातो, आणि त्या घरात तो माणूस भाई होते. मी त्यांच्याशी रोगाबद्दल फार बोललो नाही, तारखांबद्दल बोललो. आज गेलात तर चवथीच्या आदल्या दिवशी घरी यायची बरीच शक्यता आहे. तीन दिवस थांबलात तर चवथ बांबोळीला, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) वॉर्डात. वहिनींनी मध्येच विचारले, ‘‘आणि पुतण्याला झाडं दाखवलीत तर?’’ भाई गप्प बसले. मुलाने गाडी वळवली.

निघण्यापूर्वी लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढली आणि शेजारी तारीख-वेळ लिहिली. फुकटची, पण या आजारातली फार उपयोगी तपासणी. फोंड्याच्या सरकारी इस्पितळात पांढऱ्या पेशी १६,४००, क्रिएटिनीन १.३, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ९.८ निघाले. रक्ताचे कल्चर घेतले, त्यात काही वाढले नाही. साध्या सेल्युलायटिसमध्ये शंभरांत पाचांच्या आसपासच ते सकारात्मक येते, त्यामुळे ‘जंतू सापडलाच नाही’ याने घाबरण्याचे कारण नसते. शिरेतून ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिड, इन्सुलिन, आणि पाय दोन उशांवर, छातीच्या पातळीच्या वर. हे शेवटचे औषधाइतकेच महत्त्वाचे. रुग्ण बघायला येणारी माणसे मात्र त्याला पाय लोंबकळत बसवून गप्पा मारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या बोटभर पुढे गेली होती. घरात एकच कल्लोळ. मुलाचा फोन, औषध लागू पडत नाही, हाय पॉवर द्यायला सांगा, नाहीतर म्हापशाच्या एखाद्या खाजगी इस्पितळात हलवतो. पहिल्या २४ ते ४८ तासांत लाली थोडी वाढणे अपेक्षित असते. औषधाने जंतू मरताना त्यांच्यातले विष मोकळे होते आणि अंगाची आग काही काळ तशीच राहते. तिथे बघायचे ते ताप, नाडी आणि माणसाचा चेहरा. ताप शंभरवर आला होता, भाईंनी पेज मागितली होती. औषध बदलले नाही, हे वॉर्डातल्या डॉक्टरांनी फार बरे केले.

त्याच रात्री मात्र ठणका वाढला, आणि त्या ठणक्याकडे दुर्लक्ष करून चालणार नव्हते. सर्जनला उठवले. तो काय शोधत होता ते नीट सांगतो, कारण घरच्या माणसालाही हे बघता येते. दिसणाऱ्या लालीच्या मानाने दुखणे फारच जास्त आहे का? लालीच्या कडेपलीकडची कातडी दाबल्यावर लाकडासारखी टणक लागते का? रंग राखाडी-जांभळा होतोय का, फोडांत काळपट पाणी आहे का? आधी असह्य दुखणारी जागा अचानक बधिर झाली का? बोट दाबले की कातडीखाली चुरचुर हवा लागते का? रक्तदाब घसरतोय, माणूस बडबडतोय? यांतले काही असेल तर तो स्नायूंवरचे आवरण सडवणारा नेक्रोटायझिंग फॅसायटिस समजायचा. तिथे स्कॅनची वाट बघायची नसते, शस्त्रक्रिया करून मेलेले मांस काढायचे असते. उपचार करूनही अंदाजे चार-पाचांतला एक त्यात जातो. सर्जनने नडगीपासून मांडीपर्यंत बोटे दाबत नेली, दोन्ही बाजूंनी, दोनदा. कातडी मऊ, संवेदना शाबूत, चुरचुर नाही. पाय उशांवरून खाली घसरला होता आणि सूज घोट्यात उतरली होती. पाय वर घेतला, पॅरासिटामॉल दिले, दोन-दोन तासांनी बघायचे ठरले. पहाटे ठणका उतरला.

तिसऱ्या दिवशी ताप गेला. चवथीच्या आदल्या संध्याकाळी सेफालेक्सिनच्या गोळ्या घेऊन भाई घरी आले. माटोळी पुतण्याने बांधली. भाई खुर्चीत, पाय स्टुलावर, सूचना देत होते, त्यांतल्या निम्म्या अनावश्यक होत्या असे वहिनींचे मत.

त्या घरात आणखी एक रुग्ण होता. सहा वर्षांचा नातू, नाकाखाली आणि हनुवटीवर मधाच्या रंगाच्या ओल्या खपल्या. इंपेटिगो. तेच दोन जंतू, पण कातडीच्या अगदी वरच्या पापुद्र्यात. आजोबांचा पंचा आणि नातवाचा पंचा एकच, दोरीवर अर्धवट वाळलेला. कुणाकडून कुणाला गेले हे सांगता येणार नाही, आणि त्याने उपचार बदलतही नाही. त्याला औषध दिले, नखे कापायला लावली, उपचाराचे २४ तास होईपर्यंत बाकीच्या मुलांबरोबर खेळायला मनाई केली. चवथीत ती पाळली गेली असेल अशी माझी समजूत नाही. आईला एवढेच बजावले की पुढचे महिनाभर सकाळी डोळे सुजलेले दिसले किंवा लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी घेऊन यायचे. कातडीवरच्या स्ट्रेप्टोकॉकसनंतर साधारण तीन आठवड्यांनी मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. प्रतिजैविक वेळेवर दिले तरी ती टळेलच याची हमी नाही, फक्त जंतूचा फैलाव थांबतो. आपल्याकडे हे आईबापांना क्वचित सांगितले जाते. फोड सुकले म्हणजे संपले असेच समजले जाते. नातवाची लघवी नंतर तपासली, ठीक होती.

भाईंचे संपले नव्हते. दिवाळीच्या तोंडावर, वाड्यावर पोरे नरकासुर उभा करत असताना, ते पुन्हा आले. तोच पाय, तीच पोटरी. या वेळी लाली निम्म्या नडगीपर्यंत आणि ताप जेमतेम, त्यामुळे गोळ्यांवर घरीच भागले. मी आधी बेचके बघितले. चीर होती तिथेच होती. क्लोट्रिमॅझोल चार आठवडे लावायला सांगितले होते, ते खाज थांबल्यावर आठ-दहा दिवसांत सोडले होते. गमबूट तेच आणि ओलेच. साखर मात्र खरोखरच सुधारली होती, एचबीए१सी ७.९, आणि त्यामुळे भाईंना वाटत होते की आपण आपला वाटा उचलला.

या आजारात इस्पितळातले पाच दिवस सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण दुखण्याचा खरा हिशेब पुढच्या वर्ष-दोन वर्षांत होतो. प्रत्येक वेळच्या आगीत काही लसिकावाहिन्या कायमच्या निकामी होतात. पायात सूज उरते. उरलेल्या सुजेत पुढची लागण सोपी होते, आणि ती आणखी वाहिन्या खाते. एकदा सेल्युलायटिस झालेल्या पायात तो पुन्हा होण्याचे प्रमाण वर्षाला ८ ते २० टक्के धरले जाते. असे करत करत साध्या चिखल्यांतून हत्तीसारखा पाय तयार झालेला दिसतो आणि लोक त्याला डासाचा आजार समजून बसतात. रक्तात विष पसरणे, गळू होणे, मधुमेह्याच्या पावलात हाडापर्यंत लागण जाणे, क्वचित हृदयाच्या झडपेवर जंतू बसणे, ही गुंतागुंत खरीच आहे आणि जीवघेणी आहे. पण आमच्या दवाखान्यात रोज दिसते ती ही सावकाश घडणारी, कुणाच्याही डिस्चार्ज कार्डावर न लिहिली जाणारी गुंतागुंत.

मग काय केले? मुलाने पेनिसिलीनबद्दल इंटरनेटवर वाचले होते आणि ते सुरू करायचा आग्रह धरला. त्यात तथ्य आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटन-आयर्लंडमधल्या एका चाचणीत, पायाला वारंवार सेल्युलायटिस झालेल्या २७४ जणांपैकी निम्म्यांना पेनिसिलीन २५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर्षभर दिले. औषध चालू असताना २२ टक्क्यांना पुन्हा लागण झाली, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. औषध थांबले आणि फायदाही विरत गेला. ज्यांचे वजन जास्त, ज्यांना आधीपासून सूज, ज्यांचे हल्ले बरेच झालेले, त्यांना फायदा कमीच झाला. हे तिन्ही वाचून मी मुलाला म्हटले, दार उघडे ठेवून चौकीदार नेमायचा असेल तर पगार आयुष्यभर द्यावा लागेल. वर्षात तीन-चार हल्ले झाले तर पेनिसिलीन देऊच. आत्ता नाही.

त्याऐवजी दाबमोजे. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत पायाला सूज असलेल्या आणि वारंवार लागण होणाऱ्या रुग्णांना दाबपट्ट्या-मोजे दिले. तिथे पुन्हा लागण १५ टक्क्यांना झाली, मोज्यांशिवायच्यांत ४० टक्क्यांना, आणि फरक इतका स्पष्ट होता की चाचणी लवकर थांबवली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मोजे देण्याआधी पावलाच्या नाड्या बघाव्या लागतात, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघावा लागतो. रोहिणी अरुंद झालेल्या मधुमेह्याला घट्ट मोजे दिले तर बोटे काळी पडतील. भाईंच्या नाड्या चांगल्या होत्या. गोव्याच्या उकाड्यात असले मोजे घालणे ही शिक्षा आहे, हे मान्य करूनच मी ते लिहून दिले. सकाळी अंथरुणातून उठायच्या आत चढवायचे, झोपताना काढायचे. गमबुटाच्या आत घालायचे नाहीत, कामावरून आल्यावर पाय कोरडा करून घालायचे, अशी आमची तडजोड झाली. पुस्तकाप्रमाणे ती अर्धवट आहे. पूर्ण सल्ला न पाळण्यापेक्षा अर्धा पाळलेला मला चालतो.

बेचक्यासाठी फार साधी व्यवस्था. बुटांचे दोन जोड, एक वाळत असताना दुसरा पायात. कामावरून आल्यावर साबण-पाण्याने पाय, मग जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने प्रत्येक बेचके वेगळे कोरडे करायचे. हे काम वहिनींनी अंगावर घेतले, कारण भाईंचे पोट आड येते आणि धाकटे बोट त्यांना दिसतच नाही. आधी कुणी हे विचारले नव्हते. ज्या माणसाला स्वतःचे पाऊल दिसत नाही त्याला ‘पायांची काळजी घ्या’ म्हणून पाठवण्यात काय अर्थ? क्लोट्रिमॅझोल पूर्ण चार आठवडे, खाज गेली तरी. भिरंडेल टाचेपुरते. तिहेरी ट्यूब कचऱ्यात. प्रत्येकाचा पंचा वेगळा.

डिसेंबरात बेचके कोरडे होते, चीर बुजलेली. डाव्या पोटरीचा घेर उजवीपेक्षा दीड सेंटिमीटर जास्त, तो तेवढाच राहील असे दिसते. मोजे आठवड्यातून चार-पाच दिवस घातले जातात. अंगठ्याचे जाड नख मात्र अजून तसेच, आणि तिथली बुरशी पुढच्या पावसात पुन्हा बेचक्यात उतरणार. यकृताच्या तपासण्या ठीक आल्यावर टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, १२ आठवडे, असे सुरू केले आहे. नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागेल. दर महिन्याला नखाच्या मुळाशी किती स्वच्छ पट्टी आली ते मोबाइलवर फोटो काढून पाठवायचे काम पुतण्याकडे दिले आहे. पहिल्या फोटोत दोन मिलिमीटर दिसते.